वाट कळते, कारण कळत नाही
(जी.पी.एस. आणि माणसांच्या प्रवासाचा अभ्यास)

आपण रोज कोठे जातो, कशाने जातो आणि वाटेत किती वेळ घालवतो, याची नोंद आपण सहसा ठेवत नाही. एस.टी. कोणत्या वेळी हवी, रस्ता कोठून हवा हे ठरवताना मात्र हीच माहिती लागते. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर व प्रवासाचे साधन विचारले होते. पण ते शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपुरतेच. माण-खटाव किंवा जत-आटपाडीतील शेतमजूर भगिनींची पायपीट त्या तक्त्यात आलीच नाही. ही उणीव भरून काढण्याचे एक साधन म्हणजे जी.पी.एस. त्याची ओळख विद्यार्थी मित्रांना व्हावी, म्हणून हा लेख.

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे हे उपग्रह फिरतात. प्रत्येक उपग्रह वेळेचा संदेश सतत पाठवतो. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते येण्यास लागलेल्या वेळावरून मोबाईल स्वतःची जागा काढतो. उपग्रह आपल्याला पाहत नाही. नोंद ठेवतो आणि ती दुसऱ्याकडे पाठवतो तो आपल्या हातातील मोबाईल किंवा गाडीतील यंत्र.

अभ्यासक ठरावीक वेळाने जागा आणि वेळ नोंदवतात. ताशी चार-पाच किलोमीटर वेग म्हणजे माणूस पायी चाललेला. वेग वाढला की सायकल किंवा वाहन. एकाच जागी बिंदूंचा पुंजका झाला की तो मुक्काम किंवा थांबा. अमेरिकेतील लेक्झिंग्टन परिसरात १९९६ साली शंभर कुटुंबांच्या मोटारींत यंत्रे ठेवून अशी चाचणी झाली. माणसे तोंडी सांगताना छोट्या फेऱ्या विसरतात, यंत्र विसरत नाही, हे अशा अभ्यासांतून दिसून आले. अर्थात यंत्रही चुकते. खंबाटकीच्या बोगद्यात उपग्रहांचा संदेश पोचत नाही आणि रेषा तुटते.

परंतु खरी मर्यादा वेगळीच आहे. १९०१ साली बाल भीमराव भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांना भेटण्यास निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडी मिळाली; तीही मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. रात्री टोलनाक्यावर त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात हा प्रसंग सांगितला आहे.

त्या गाडीत जी.पी.एस. असते तर काय दिसले असते? मसूरला एक लांब थांबा, पुढे बैलगाडीचा संथ वेग, नाक्यावर रात्रीचा मुक्काम. नकाशावर सगळे बरोबर! तहान मात्र कोठेच नाही. आजही एखादी मुलगी जवळची वाट सोडून लांबून शाळेला जाते. तो वळसा यंत्र दाखवील, त्याचे कारण तिलाच विचारावे लागेल. म्हणून चांगल्या अभ्यासात रेषेच्या जोडीला माणसाचे म्हणणेही नोंदवतात.

आणि विचारण्याआधी संमती घ्यावी लागते. रात्री थांबलेल्या बिंदूवरून कोणाचेही घर ओळखता येते. नाव पुसले तरी माणूस लपत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. माहिती कोणाकडे राहणार, कशासाठी वापरणार आणि केव्हा पुसणार, हे विचारण्यात कोणी संकोच मानू नये.

विद्यार्थ्यांनी सुरुवात वहीपासून करावी. सात दिवस घरातील प्रत्येकाच्या फेऱ्या लिहाव्यात: निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, साधन आणि कारण. आईच्या फेऱ्या विसरू नयेत. त्या वहीतील ‘कारण’ हा रकाना कोणताही उपग्रह भरून देणार नाही. तो आपणच भरायचा आहे.