आज कोण मरणार? खोट्या लढाईचे खरे नियम

आज लढाईबद्दल बोलायचंय. पण अशी लढाई, जिच्यात दुपारी तीनला मेलेली माणसं चारला उठतात, अंगावरचं गवत झटकतात आणि सरबताच्या रांगेत जाऊन उभी राहतात.

इंग्रजीत याला रीएनॅक्टमेंट म्हणतात. खरोखर झालेली एखादी लढाई घ्यायची, त्या काळचे कपडे आणि शस्त्रं जमवायची, आणि शेकडो हौशी माणसांनी ती लोकांसमोर पुन्हा लढून दाखवायची. इंग्लंडमध्ये १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई होते, पोलंडमध्ये १४१० ची ग्रुनवाल्ड, बेल्जियममध्ये वॉटर्लू. मला आतून माहीत आहे ती अमेरिकेतली यादवी, १८६१ ते १८६५. कामानिमित्त व्हर्जिनियात होतो तेव्हा दोन उन्हाळे मी निळा कोट घालून, म्हणजे उत्तरेच्या युनियन पायदळात, उभा राहिलोय. नवख्याला तिथे ‘फ्रेश फिश’ म्हणतात, ताजी मासळी. त्या युद्धातल्या सैनिकांचाच शब्द आहे तो.

परत आल्यापासून मित्र एकच प्रश्न विचारतात. कोण मरणार हे आधी ठरलेलं असतं का? उत्तर देतो, पण त्याआधी बंदूक समजून घ्या. कारण या खेळाचे बहुतेक नियम बंदुकीतून आलेत.

बंदूक ठासणीची. १८६१ ची स्प्रिंगफील्ड नाहीतर १८५३ ची एन्फिल्ड, अर्थात नक्कल, पण चालणारी नक्कल. एन्फिल्ड हे नाव ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती याच बंदुकीची. आजही कागदाचं काडतूस दातानेच फाडायचं, दारू नळीत ओतायची, घोडा अर्धा ओढून तांब्याची चिमुकली टोपी बसवायची, मग घोडा पूर्ण ओढायचा आणि चाप. (दारू म्हणजे बंदुकीची. दुसरी प्यायलेल्याला मैदानात पाऊल टाकू देत नाहीत.) गोळी नसतेच. दारू साधारण ६० ग्रेन, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम.

आता वाटेल, गोळीच नाही तर भीती कसली? पण नुसता बारसुद्धा खेळण्यातला नसतो. नळीच्या तोंडातून ज्वाला निघते, न जळलेले दारूचे कण सुटतात. समोर जवळ कोणाचा चेहरा असेल तर भाजतो, डोळा जाऊ शकतो. म्हणून शत्रू जवळ आला की नळी त्याच्या डोक्याच्या वर न्यायची, आणि अगदीच जवळ आला की बारच काढायचा नाही. संगीन चढवून कोणी कोणावर धावत जात नाही. आणि ठासणीचा गज? खऱ्या सैनिकाने घाईत तो नळीतच विसरला की पुढच्या बाराला तो भाल्यासारखा सुटायचा. त्यामुळे बहुतेक कार्यक्रमांत लढाई चालू असताना गज बाहेर काढायलाच बंदी असते. दारू नुसती ओतायची, ठासायची नाही. बार जरा मऊ वाजतो. चालतं.

लढाईआधी तपासणी होते, आणि मला या सगळ्या प्रकारातला सर्वांत आवडता आवाज तिथला आहे. रांगेत उभं राहायचं, गज रिकाम्या नळीत सोडायचा. ‘खण्ण’ असा स्वच्छ आवाज आला तर नळी मोकळी. ‘थप्प’ झालं तर आत काहीतरी आहे: काजळी, जुनी दारू, कागदाचा बोळा. तो माणूस रांगेबाहेर. सार्जंट तोंडाने काही बोलत नाही, कान देऊन पुढे सरकतो. पन्नास माणसांची खण्ण-खण्ण, मध्येच एक थप्प, आणि सगळ्यांच्या माना तिकडे.

हे सगळं असूनही चुकतं. १९९८ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईच्या १३५ व्या वर्षी प्रचंड मोठा कार्यक्रम झाला. हजारो माणसं मैदानात होती, आणि त्यातल्या एकाच्या मानेत खरी गोळी घुसली. वाचला तो. पण तो बराच वेळ नुसता पडून राहिला असता तर कोणाला संशय आला असता? आजूबाजूला शेकडो माणसं तशीच पडलेली!

या प्रश्नाला तिथल्या लोकांनी शोधलेलं उत्तर मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं. १८६० च्या दशकातला सैनिक डॉक्टरला ‘सर्जन’ म्हणायचा. त्यामुळे मैदानात तुम्ही ‘सर्जन’ म्हणून ओरडा, पाणी मागा, आईला हाका मारा, सगळं नाटक समजलं जातं. पण ‘मेडिक’ हा आजचा शब्द उच्चारलात की नाटक संपलं. जवळचे सगळे थांबतात, हात वर करतात, बार बंद, आणि खरी रुग्णवाहिका निघते. आमच्या भाषेत हा रिझर्व्ड कीवर्ड. प्रोग्रामिंगमध्ये काही शब्द व्हेरिएबलचं नाव म्हणून वापरताच येत नाहीत, त्यांचा अर्थ आधीच राखून ठेवलेला असतो. तसा हा शब्द, आणि गंमत म्हणून तो वापरणाऱ्याला पुन्हा कोणी बोलावत नाही.

आता मरण्याचं.

खरं सांगायचं तर कोणालाच लवकर मरायचं नसतं. माणूस सहा तास गाडी चालवून येतो, बंदुकीला हजार डॉलरच्या आसपास मोजलेले असतात, आणि पाचव्या मिनिटाला आडवा पडला की पुढचा तासभर लोकरीच्या कोटात उन्हात पडून राहायचं. त्यामुळे सगळ्यांना सोडून दिलं तर कोणीच मरत नाही, आणि प्रेक्षकांना दिसतं की दोन फौजा चाळीस पावलांवरून एकमेकांवर बार काढतायत आणि एकही पडत नाहीये. याला उपाय म्हणून युनिटचा कॅप्टन आदल्या रात्री सांगतो की तिसऱ्या फैरीनंतर रांगेतली एवढी माणसं पाडायची. कोण, ते ठरवायचे प्रकार गमतीशीर. कुठे जन्ममहिन्यावरून, कुठे चिठ्ठ्या टाकून. ज्याची काडतुसं संपली किंवा बंदूक तुंबली तो आपणहून पडतो. अनुभवी माणूस पडण्याआधी सावली बघून ठेवतो. मी पहिल्यांदा मेलो तो चिठ्ठीवर, आणि नेमका मुंग्यांच्या वारुळाशेजारी. मेलेल्याने खाजवायचं नसतं.

दुसरी अडचण संख्येची. गेटिसबर्गला ३ जुलै १८६३ रोजी पिकेटच्या चढाईत दक्षिणेचे साधारण साडेबारा हजार सैनिक उघड्या शेतातून चालत गेले, आणि निम्म्याहून जास्त मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. तुमच्याकडे असतात पाचशे. शिवाय मी पाहिलं तिथे करड्या कोटाची, म्हणजे दक्षिणेची, हौस जास्त. तोल सांभाळायला काहींना बाजू बदलावी लागते. त्याला ‘गॅल्व्हनाइज होणं’ म्हणतात. दक्षिणेचे काही युद्धकैदी उत्तरेच्या सैन्यात भरती झाले होते, त्यांना ‘गॅल्व्हनाइज्ड यांकी’ म्हणत, त्यावरून. जुन्या माणसांच्या पेटीत दोन्ही कोट असतात. सकाळी करडा, दुपारी निळा.

आयोजकाचं काम वेगळंच. प्रेक्षक लढाई बघतात, आयोजक पाणी बघतो. जुलैचं ऊन, लोकरीचे कपडे, साठीतली माणसं. मी दोन उन्हाळ्यांत ‘मेडिक’ हा शब्द तीनदा ऐकला, तिन्ही वेळा ऊन लागलं होतं. शेत भाड्याने घ्यायचं, विमा काढायचा, शौचालयं, जळाऊ लाकूड, घोड्यांना चारा, प्रेक्षकांचा दोर किती लांब बांधायचा, तोफेच्या दोन बारांमध्ये किती मिनिटं सक्तीने थांबायचं (आत ठिणगी राहिली असेल तर पुढची दारू भरणाऱ्याचे हात जातात). आणि हे शेत बहुतेक वेळा खऱ्या रणांगणावरचं नसतं. जुलै १९६१ मध्ये मनॅसस इथे लढाईची शंभर वर्षं म्हणून खऱ्या रणभूमीवरच मोठा प्रयोग झाला होता. पुढे राष्ट्रीय उद्यान खात्याने आपल्या ताब्यातल्या रणभूमींवर हे बंद केलं. कवायत दाखवा, बार काढून दाखवा, पण दोन फौजा समोरासमोर आणून खोटे मुडदे पाडायचे नाहीत. जिथे माणसं खरंच मेली तिथे ते नको, हा विचार. मला तो पटतो. म्हणून मग शेजारचं खासगी शेत.

एक गोष्ट मात्र मला दोन्ही वर्षं खटकली. ध्वनिक्षेपकावरून निवेदक कोट, बटणं, तोफांची कॅलिबर, सेनापतींची नावं सगळं सांगायचा. गुलामगिरी हा शब्द मी त्याच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. दक्षिण वेगळी झाली ती गुलामगिरी टिकवण्यासाठी, त्या राज्यांनी तेव्हा स्वतः तसं लिहून ठेवलंय. दोन्ही बाजू शूर, दोन्ही बाजू बिचाऱ्या, शेवटी बिगुलावर ‘टॅप्स’ वाजतं, मेलेले उठतात, हस्तांदोलन होतं. बघायला सुंदर असतं हो. पण माझ्या शेजारी एक काळा सैनिक उभा असायचा. तो ज्या पलटणीचा पोशाख करायचा, ती ५४ वी मॅसॅच्युसेट्स, जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅगनरवर चालून गेली होती. त्याला हस्तांदोलनाची घाई नसायची.

याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोग इंग्लंडमध्ये झालाय. १८ जून १९८४ ला यॉर्कशायरमधल्या ऑरग्रीव्ह इथे संपावरचे खाणकामगार आणि पोलीस यांच्यात मोठी धुमश्चक्री झाली. घोडेस्वार पोलीस कामगारांवर घातले गेले. ९५ जणांवर खटले भरले, ते कोर्टात कोसळले, आणि १९९१ मध्ये पोलिसांनी ३९ जणांना चार लाख पंचवीस हजार पौंड भरपाई दिली. जेरेमी डेलर नावाच्या कलाकाराने १७ जून २००१ ला ही झटापट त्याच गावात पुन्हा उभी केली. साधारण ८०० माणसं अशी, जी एरवी रोमन किंवा मध्ययुगीन सैनिक होतात, आणि २०० च्या आसपास त्या भागातले माजी खाणकामगार. त्यातले कित्येक १९८४ ला तिथे खरे होते.

आता विचार करा, वर सांगितलेल्या सगळ्या नियमांचं इथे काय होतं? हेस्टिंग्जवर राग धरून बसलेला माणूस आज सापडणार नाही. पण इथे समोरच्या ढालीवर दगड मारणाऱ्याच्या डोक्यावर सतरा वर्षांपूर्वी खरी काठी बसलेली आहे. म्हणून आधी तालीम झाली, आणि दिग्दर्शन अशा माणसाकडे होतं ज्याने इंग्लिश हेरिटेज या संस्थेसाठी वर्षानुवर्षं अशा लढाया बसवल्या होत्या. आणि काही माजी कामगारांना पोलिसांच्या बाजूला उभं केलं गेलं. माइक फिगिस यांनी त्यावर माहितीपट केलाय, तो जरूर बघा.

मग आपल्याकडे हे का होत नाही? कोल्हापूरचे मर्दानी खेळ आहेत, दांडपट्टा फिरवणारी पोरं-पोरी आहेत, दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चालणारे हजारो आहेत. मला वाटतं या चालण्यात रीएनॅक्टमेंटचा अर्धा भाग आधीच आहे. चिखल तोच, पाऊस तोच, पायाचे फोड तेच. उरलेला अर्धा भाग कठीण. ठासणीची असली तरी बंदूक ती बंदूक, शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि संरक्षित गडावर असा कार्यक्रम करायचा तर परवानगी लागते. ही कागदपत्रं चिकाटीने होऊ शकतील.

पण गणित बघा. १३ जुलै १६६०. बाजीप्रभूंबरोबर खिंडीत तीनशे माणसं धरली, तरी पाठलागावर आलेली आदिलशाही फौज त्याच्या कितीतरी पट. म्हणजे हजार जण जमले तर त्यातल्या सातशेंना आदिलशाहीकडून उभं राहावं लागणार. आदिलशाहीच्या चाकरीत मराठे सरदारही होते, त्यामुळे इतिहासाची अडचण नाही. यंदाच्या मोहिमेला जाणार असाल तर पन्हाळ्यावर निघताना आपल्या ग्रुपमध्ये विचारून बघा, गॅल्व्हनाइज व्हायला किती हात वर होतात ते. आकडा मला कळवा.