आधी ऊन, मग ओल, मग सजावट
वर्धा जिल्ह्यातल्या घरांची बैठक आणि तळघर नव्याने लावताना

वर्धा जिल्ह्यात घर लावायला काढणाऱ्याने दोन गोष्टींचा हिशेब आधी करावा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, ही एक. आणि घर ज्या जमिनीवर उभे आहे ती बहुतेक ठिकाणी कापसाची काळी जमीन आहे, ही दुसरी. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. मोबाइलवर दिसणाऱ्या सुंदर खोल्यांच्या चित्रांत या दोन्ही गोष्टी नसतात. म्हणून तशी हुबेहूब खोली आर्वीला किंवा हिंगणघाटला केली की पहिल्या उन्हाळ्यात ती नकोशी होते आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिचे पॅनेल फुगून बाहेर येतात. दिवाळीला रंग देणे, नवा सोफा घेणे हे आपण हौसेने करतो आणि करावेच. पण खोलीला खरा ताजेपणा येतो तो ऊन, ओल आणि अडगळ या तिघांचा बंदोबस्त झाल्यावर. विकतची सजावट त्यानंतर.

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसण्याच्या खोलीचा विचार करायचा, तर या जिल्ह्यात त्याचा सर्वांत चांगला नमुना सेवाग्रामला आहे. महात्मा गांधी 30 एप्रिल 1936 रोजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले. घरासाठी त्यांची अट अशी होती की खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये आणि सामान व कारागीर आसपासचेच असावेत. त्यातून आदि निवास उभा राहिला. मातीच्या भिंती, लाकडी खांब, बांबू, वर कवेलू. या एका घरात बापू, कस्तुरबा, बापूंचे सचिव प्यारेलाल, आश्रमाची मंडळी आणि पाहुणे असे सगळे राहत. खान अब्दुल गफार खान इथेच उतरले होते, तुकडोजी महाराजही राहून गेले. तीच खोली दिवसा बैठकीची आणि रात्री झोपण्याची.

या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे आणि घर लावताना तीच जास्त उपयोगी पडते. सतत माणसांच्या गराड्यात कस्तुरबांची गैरसोय होत होती, म्हणून वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली. एकत्र बसायची खोली कितीही मोकळी असो, घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः बाईला, आपला म्हणून एक कोपरा लागतोच. आजच्या बैठकीत तो कोपरा कुणाचा आहे हे पाहा. बहुतेक घरांत टीव्हीचा आहे, पाहुण्यांच्या सोफ्याचा आहे, शोकेसमधल्या चषकांचा आहे. जी बाई ती खोली दिवसातून दोनदा झाडते, तिची अशी जागा तिथे नसते. खिडकीजवळ एक आरामखुर्ची, वर वाचायला पुरेसा दिवा आणि हाताशी एक फळी एवढे केले तरी खोली बदलते. या बदलाला खर्च सर्वांत कमी येतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जानेवारी 1978 मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले होते. बापूकुटीत, म्हणजे गांधीजी नंतर ज्या झोपडीत राहत होते तिथे, बसून त्यांना जे सुचले ते त्यांनी तिथल्या भाषणात मांडले. आजचे घर माणसाच्या सोयीपेक्षा त्याच्या सामानाच्या सोयीसाठी बांधलेले असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या लहानशा कुटीत त्यांनी सात प्रकारच्या जागा मोजल्या. जोडे काढायची, मधली बसायची, बापूंच्या कामाची, पाहुण्यांची, आजाऱ्याची, उघडी ओसरी आणि न्हाणीघर. आपल्या बैठकीचा कागदावर नकाशा काढून असेच मोजून पाहा. सोफासेट, टीपॉय, दिवाण आणि टीव्हीचे कपाट एवढ्यातच खोली भरली असेल, तर तिथे प्रकार एकच निघेल.

तेव्हा पहिले काम सामान बाहेर काढण्याचे. खोली पूर्ण रिकामी करून चार दिवस तशीच राहू द्यावी, खाली सतरंजी टाकून बसावे आणि मग एकेक वस्तू गरज पटली तरच आत आणावी. बहुतेक घरांत सोफ्याची एक बाजू आणि मधला टीपॉय परत येत नाही. विदर्भातल्या घरांची बंगई, म्हणजे झोपाळा, मात्र परत आणावी, आणि नसेल तर सुताराकडून करून घ्यावी. आजीला दुपारी, पोरांना संध्याकाळी, बाळाला केव्हाही चालणारी दुसरी बैठक मला माहीत नाही. कडी स्लॅबच्या गजाला किंवा तुळईला नीट बसवलेली हवी, नुसत्या खिळ्यांचा भरवसा धरू नये. गादी, लोड आणि तक्क्यांची भारतीय बैठक एका भिंतीला केली तर जास्त माणसे मावतात. उन्हाळ्यात छताजवळची हवा सर्वांत तापलेली असते, त्यामुळे खाली बसणे अंगालाही बरे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी 17-18 इंच उंचीचा दिवाण हवाच. त्यांना खाली बसवण्याचा आग्रह धरू नये.

आता ऊन. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. त्याखाली फॉल्स सीलिंग करून घेणारे पुष्कळ आहेत. पण उष्णता अडवायची असेल तर ती स्लॅबच्या वरच अडवली पाहिजे. मार्च लागण्याआधी गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत किंवा एकदाच खर्च करून पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवावी. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. एवढे झाल्यावरही हौस असेल तर खालून सीलिंग करा, पण पंख्याची पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर राहतील हे पाहून. दहा फुटांच्या खोलीत दीड फूट सीलिंग उतरवले की ते गणित चुकते.

पश्चिमेच्या खिडकीची चूक तर घरोघरी दिसते. आतून जाड पडदा लावला की उजेड थांबतो, पण ऊन काचेतून आत आलेलेच असते आणि पडदा तापून खोलीही तापते. ऊन काचेच्या बाहेर थांबवायचे. बाहेरून बांबूची चीक किंवा तट्टा टांगावा, जमले तर वर छज्जा वाढवावा, अंगणात जागा असेल तर त्या बाजूला कडुनिंब लावावा. बापूकुटीच्या भिंतींपुढे ओसरी आहे ती याचसाठी. ऊन भिंतीला लागतच नाही, मग जाड मातीची भिंत थंड राहते.

कूलरशिवाय आपली बैठक पूर्ण होत नाही, म्हणून त्याची जागा सोफ्याच्या आधी ठरवावी. तो खिडकीबाहेर हवा, आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे. हवा बाहेर गेली नाही तर खोली गार होण्याऐवजी दमट होते आणि अंग चिकचिकते. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर लाकडाच्या भुश्यापेक्षा त्याच वापराव्यात. वाऱ्याबरोबर जो सुगंध येतो त्याला तोड नाही. मात्र कूलरच्या झोतात एमडीएफचे फर्निचर ठेवू नका. दोन उन्हाळ्यांत त्याच्या कडा फुगतात. सागवान महाग पडते, पण ते पिढ्यान्पिढ्या टिकते. जुन्या वाड्यातून निघालेले दार किंवा पाट मिळाला तर त्याचे बाकडे करून घ्यावे.

रंगांबद्दल फार लिहीत नाही. तीन भिंती चुन्यासारख्या पांढऱ्या ठेवा, पिवळसर छटेचा पांढरा असेल तर डोळ्यांना सुखाचा. चौथी भिंत सजवायची असेल तर वॉलपेपरच्या आधी मीराबेनचे काम पाहून या. ब्रिटिश नौदलातल्या अॅडमिरलची ही मुलगी गांधीजींची शिष्या होऊन शेगावात राहिली, आणि बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर तिने ताडाची झाडे, चरखा आणि ॐ उठावात काढले. भिंत आणि चित्र दोन्ही एकाच मातीचे. आपल्या घरी चुन्याच्या गिलाव्यात असे काम करणारा कारागीर मिळू शकतो, आणि हे चित्र ओलीने पोपडे होऊन गळत नाही. पडद्यांना नैसर्गिक रंगाची खादी सुरेख दिसते. फक्त थेट उन्हाच्या खिडकीला हळदीचा रंग टाळावा, तो फार लवकर उडतो. नीळ जास्त टिकते. सगळे दिवे छतालाच न ठेवता कमी उंचीवर दोन-तीन ठिकाणी पिवळसर उजेडाचे ठेवावेत. टीव्ही खिडकीच्या समोर नको.

तळघराचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याला मी जरा जास्त जागा देणार आहे, कारण इथे चूक झाली तर पैसाही जातो आणि भिंतही.

जमिनीखाली गारवा असतो हे विदर्भाला जुने ठाऊक आहे. अमरावती जिल्ह्यात महिमापूरची पायविहीर आहे. भर दुपारी तिच्या पायऱ्या उतरताना ऊन कसे मागे राहते ते अंगाला कळते. दोन-तीन मीटर खाली मातीचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही, ते त्या गावाच्या वार्षिक सरासरीजवळ राहते. आपल्याकडे ही सरासरी 27 अंशांच्या आसपास आहे. वर 45 असताना खाली 30 च्या आत राहणारी खोली ही चैन नाही, उन्हाळ्यातली सोय आहे. पण काळी माती पाणी पिऊन फुगली की भिंतीला बाजूने रेटते. म्हणून या जमिनीत नवे तळघर खोदण्याचा विचार असेल तर स्थापत्य अभियंत्याकडून मातीची तपासणी करून घेतल्याशिवाय कुदळ मारू नका. नुसत्या मिस्त्रीच्या शब्दावर हे काम होत नाही. भिंतीच्या बाहेर मुरमाचा भराव आणि पाणी काढून नेणारी नळी हवीच.

तळघर न बांधताही ते मिळालेली घरे पुष्कळ आहेत. दरवेळी रस्त्यावर नवा थर चढतो, रस्ता वर येतो आणि जुने घर दोन-तीन पायऱ्या खाली जाते. पुढची खोली अर्धी जमिनीत. तिथे अडगळ साठते आणि भिंतींना लोणा लागतो. या खोलीत पहिला खर्च रंगावर करू नका. आधी पाणी कुठून येते ते शोधा, आणि तेही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ओल दिसत असताना. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या अंगाला जमले तर खोलीतलीच दमट हवा थंड भिंतीला लागून पाणी होते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात बाहेरचा उतार घराकडून रस्त्याकडे करणे, पन्हाळीचे पाणी भिंतीपासून दूर नेणे, फुटका नळ बदलणे ही कामे येतात. दुसऱ्यात बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा ती खेळती करणे आणि सामान भिंतीपासून वीतभर सरकवणे एवढ्याने भागते.

ओली भिंत पीव्हीसी पॅनेलने झाकणे हा सर्वांत वाईट मार्ग. पाणी आतच राहते, गिलावा कुजतो, मागे बुरशी आणि वाळवी वाढते. खोली मात्र तीन महिने देखणी दिसते. त्यापेक्षा लोणा लागलेला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करावा. चुन्यातून ओल बाहेर पडून वाळते. हे काम दिवाळीनंतर काढून फेब्रुवारीपर्यंत संपवावे, कारण त्या काळात जमीन सुकत आलेली असते आणि ऊन कडक नसते.

उन्हाळ्यात या खोलीच्या खिडक्या रात्री व पहाटे उघड्या ठेवाव्यात आणि दिवस चढला की बंद कराव्यात. पावसाळ्यात उलट्या सवयीने दिवसभर उघडल्या तर बाहेरची दमट हवा आत येऊन भिंतींवर घाम धरते. जमिनीला गालिचा नको, कोटा फरशी चांगली. कपाटांना पाय हवेत, विजेचे पॉइंट कमरेच्या वर हवेत आणि झटका जीवघेणा होण्याआधी वीज तोडणारा ब्रेकर हवाच. गॅसचे सिलिंडर खाली कधीही ठेवू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. जनरेटर तर नकोच. एवढे पाळले की ही खोली दुपारच्या झोपेला, मुलांच्या अभ्यासाला, भजनाच्या सरावाला, कॅरमला उत्तम. दोन झिरोचे निळे दिवे लावून तिचे हॉटेल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बांधकामतज्ज्ञ लॉरी बेकर गांधीजींना मुंबईत भेटले होते. आदर्श घर पाच मैलांच्या आतल्या सामानातून बांधता यावे, हे गांधीजींचे म्हणणे त्यांनी पुढे आयुष्यभर आचरणात आणले. वर्ध्यात त्या वाटेवर 1976 पासून ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काम करते आहे. कुंभाराच्या चाकावरच्या निमुळत्या नळ्या एकमेकींत बसवून कमानीचे छत करण्याची युक्ती त्यांनी दाखवली, त्याला लाकूड लागत नाही. मगनवाडीतले मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 रोजी सुरू झाले, तिथे सेंद्रिय कापसाची नैसर्गिक रंगातली खादी मिळते. गोपुरीला खादीचेच काम करणारे ग्राम सेवा मंडळ आहे. बुरुड बांधवांकडे तट्टे आणि चीक, कुंभाराकडे कुंड्या, गावच्या सुताराकडे बंगई. या दिवाळीत खोलीसाठी काही घ्यायचे असेल तर ऑनलाइन मागवण्याआधी या दारांवर एकदा जाऊन या. माप सांगा, हवे ते करून घ्या आणि ठरलेले मोल घासाघीस न करता द्या.