इमारत वर, जागा लोकांची

एखाद्या इमारतीचं मोठेपण आपण सहसा तिच्या उंचीवरून किंवा नक्षीवरून ठरवतो. आज आपण जी इमारत समजून घेणार आहोत, तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे तिच्याखालची रिकामी जागा. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात, पावलिस्ता या हमरस्त्यावर हे कलासंग्रहालय उभं आहे. तिथले लोक त्याला आद्याक्षरांवरून 'मास्प' म्हणतात.

संग्रहालय सुरू झालं १९४७ साली. आजची इमारत मात्र १९६८ची, आणि तिचा आराखडा लीना बो बार्दी यांचा. लीनाबाई १९१४ साली रोममध्ये जन्मल्या, १९४६ साली ब्राझीलला आल्या आणि पुढे तिथल्याच नागरिक झाल्या.

इमारतीसाठी मिळालेली जागा चढावर होती. तिथून खालचं शहर दूरवर दिसायचं आणि ते दृश्य मोकळं ठेवायचं होतं. मग संग्रहालय बांधायचं कुठे? लीनाबाईंनी ते दोन भागांत विभागलं. एक भाग रस्त्याच्या पातळीखाली, उतारात. दुसरा जमिनीपासून सुमारे ८ मीटर वर, अधांतरी. मधल्या पटांगणात एकही खांब नाही. खांब आहेत ते चारच, तेही दोन टोकांना, आणि त्यांच्यामधलं अंतर ७० मीटरच्या वर.

आता प्रश्न असा, की एवढी लांब तुळई मधे मोडत कशी नाही? काँक्रीटचा स्वभाव लक्षात घ्या. ते दाब सोसतं, पण ताण पडला की तडकतं. तुळईवर भार आला की तिची खालची बाजू ताणली जाते, आणि तडा तिथेच जातो. यावरचा उपाय आपल्या ओळखीचा आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवताना ती तापवून चढवतात. गार होताना ती आकसते आणि लाकडाला चहूबाजूंनी आवळून धरते. इथे तेच काम पोलादी तारा करतात. त्या जोरात ताणून टोकांना पक्क्या केल्या, की काँक्रीट आधीच आवळलं जातं. मग भार आला तरी आधी तो दाब सैल व्हावा लागतो. ताणाची पाळी नंतर. यालाच पूर्वताणित काँक्रीट म्हणतात. हे गणित सोडवलं अभियंता फिगेरेदो फेराझ यांनी. माथ्यावरच्या दोन तुळया छप्पर धरतात, आतल्या दोन वरचा मजला पेलतात, आणि त्याखालचा मजला चक्क टांगलेला आहे.

आतसुद्धा विचार तोच. लीनाबाईंनी चित्रं भिंतीवर लावलीच नाहीत. काँक्रीटच्या ठोकळ्यात काच उभी केली आणि काचेवर चित्र. चित्रकाराचं नाव मागच्या बाजूला. म्हणजे आधी चित्र पाहा, नाव नंतर वाचा. नावाच्या दडपणाखाली कुणी पाहू नये, हा त्यातला हेतू. १९९६ साली या काचा काढून टाकल्या गेल्या. २०१५ साली त्या परत आल्या.

काळही पाहा. इमारतीचं उद्घाटन नोव्हेंबर १९६८मध्ये झालं आणि डिसेंबरमध्ये लष्करी राजवटीनं नागरिकांचे उरलेसुरले हक्क गोठवले. अशा दिवसांत शहराच्या मधोमध, कुणीही येऊन थांबावं अशी छपराखालची जागा तयार झाली होती. १९७२ साली तिथे सर्कशीचा तंबू लागला. पुढे रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरू लागला. १९९२ साली राष्ट्राध्यक्ष कोलोर यांच्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा तेही इथेच जमले.

मोकळ्या जागेला मालक नसतो असं वाटतं, पण वाद तिच्यावरूनच होतात. इथे बेघर माणसं निजतात, घाण होते, म्हणून जागेला कुंपण घाला, अशी सूचना मध्यंतरी झाली होती. अलीकडे तिची व्यवस्था संग्रहालयाकडे आली आहे. त्यामुळे स्वच्छता आणि कार्यक्रम वाढतील, हे खरं. पण परवानगीशिवाय तिथे जमता येईल का, हा प्रश्न तिथले लोक विचारतात, आणि तो रास्त आहे.

तारांनी ७० मीटरचं अंतर पेललं, ते खाली माणसांना उभं राहता यावं म्हणून. तंत्रज्ञानानं ती जागा मोकळी करून दिली. ती मोकळी ठेवायची की नाही, हे मात्र दर पिढीला नव्यानं ठरवावं लागतं.