खाऊचे पैसे आणि जमाखर्चाची वही

पाहुणा निघताना मुलाच्या हातावर दहाची नोट ठेवतो. आजी पदराच्या गाठीतून नाणे काढून देते. भाऊबीजेला ओवाळणी मिळते, ईदला ईदी मिळते. हे सगळे खाऊचे पैसे. ते मायेचे असतात. त्यांचा हिशेब कोणी विचारत नाही आणि विचारूही नये.

पण मूल आठवी-नववीत गेले की खाऊचे पैसे पुरत नाहीत. सायकल पंक्चर होते, झेरॉक्स काढायची असते, मित्राचा वाढदिवस येतो, मोबाइलचा रिचार्ज संपतो. मग दर वेळी आईपुढे हात पसरायचा, आईने वडिलांकडे बोट दाखवायचे आणि वडिलांनी ‘कालच तर दिले होते’ म्हणायचे. यातून मूल दोनच गोष्टी शिकते, हट्ट आणि थाप. ‘शाळेत वर्गणी मागितली आहे’ ही थाप बहुतेक घरांनी कधी ना कधी ऐकलेली असते. मूल वाईट असते म्हणून ते थाप मारते असे नाही. सरळ मागून मिळण्याची खात्री नसते, म्हणून मारते.

पॉकेटमनी हा शब्द इंग्रजी असला तरी गोष्ट साधी आहे. ठरलेली रक्कम, ठरलेला दिवस आणि त्या रकमेतून भागवायचे ठरलेले खर्च. यातली तिसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो. पैसे देतो, पण कशासाठी हे सांगत नाही. मग मुलगा ते वडापाव आणि थंड पेयात उडवतो, वही-पेनासाठी पुन्हा दारात उभा राहतो आणि आपण म्हणतो, ‘पाहा, मुलांच्या हातात पैसा टिकत नाही.’

काही पालक विचारतील, ‘आमचे घर हातावरचे. पॉकेटमनी द्यायला पैसे आणायचे कोठून?’ प्रश्न खरा आहे. पण यासाठी नवा पैसा लागत नाही. मुलावर आपण महिन्याला जे खर्च करतोच, तेच त्याच्या हाताने होऊ द्यायचे. समजा, वह्या-पेने 150, प्रवास किंवा सायकल 150, केस कापणे 80 आणि बाहेरचे खाणे 120 रुपये, असे 500 रुपये होतात. त्यात शिलकीचे 100 घाला, म्हणजे 600 रुपये झाले. तेवढेही जमत नसेल तर एकच बाब द्या. ‘या महिन्याच्या वह्या-पेनांचे 100 रुपये तुझ्याकडे. उरले तर तुझे, कमी पडले तर तू निभाव.’ मग तो मुलगा दोन दुकानांत भाव विचारील आणि अर्धी कोरी राहिलेली जुनी वही फाडून टाकण्याआधी थांबेल.

जमाखर्च म्हणजे काय, हे मुलांना समजावायला आपल्या जिल्ह्याइतकी चांगली शाळा नाही. नगर तालुक्यातले हिवरे बाजार घ्या. पर्जन्यछायेतले हे गाव एकेकाळी टंचाईने मोडले होते. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, गावाने पाणलोटाची कामे केली आणि पाणी अडवले. पण गाव टिकले ते पुढच्या पायरीमुळे. तेथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला हे मोजतात. त्यातले पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरवतात. पाऊस कमी, तर जास्त पाण्याचे पीक नाही. उसाला मनाई आणि शेतीसाठी बोअर घ्यायलाही मनाई. आता यातल्या ‘पाणी’ शब्दाच्या जागी ‘पैसा’ घाला. आधी जमा मोजा, मग चुकवता न येणारा खर्च बाजूला काढा, मग हौस करा. अंदाजपत्रक म्हणतात ते हेच. मुलाला एकदा हिवरे बाजार दाखवून आणा. दहा उपदेशांपेक्षा ती फेरी जास्त शिकवील.

जिल्ह्याला 2024 मध्ये ज्यांचे नाव मिळाले, त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. होळकरांच्या कारभारात दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगीचा वेगळा होता. देशभर त्यांनी बांधलेले घाट, देवळे आणि धर्मशाळा यांचा खर्च खासगीतून झाला. कोणता पैसा कोणत्या पिशवीतला, हे ज्याला कळले त्याला निम्मा हिशेब आला. मुलासाठी तीन डबे पुरे. एक रोजच्या खर्चाचा, एक साठवणीचा आणि एक दुसऱ्यासाठी.

हा तिसरा डबा लहान असला तरी चालेल, पण असावा. आमच्याकडे जकात असते. ठराविक मर्यादेपलीकडची संपत्ती वर्षभर शिलकीत राहिली की तिच्यावर शेकडा अडीच रुपये गरजूंचा हक्क म्हणून काढायचे. लहान मुलांच्या चार पैशांना हा नियम लागत नाही. पण त्यातली एक गोष्ट त्यांना सांगण्यासारखी आहे. शिल्लक किती हे माहीत असल्याशिवाय शेकडा अडीच काढताच येत नाहीत. म्हणजे दान करायलाही आधी वही लिहावी लागते. ईदी किंवा ओवाळणी मिळाली की मुलाला विचारावे, ‘यातले कोणत्या डब्यात किती?’ उत्तर त्याचे त्याला देऊ द्यावे.

आता उसनवारीविषयी. महिना संपायच्या आत पैसे संपतात आणि मुलगा म्हणतो, ‘पुढच्या महिन्यातले आत्ताच द्या.’ आपल्या पाथर्डी-शेवगावकडच्या लोकांना ‘उचल’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीला जाणारे जोडपे, म्हणजे एक कोयता, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते आणि मग महिनोन् महिने घाम गाळून ती फेडते. फिटली नाही तर पुढचा हंगामही आधीच विकला गेलेला असतो. खर्च झालेल्या पैशासाठी काम करणे किती जड असते, हे त्या घरातल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळते. म्हणून मुलाने आगाऊ मागितले तर रागावू नका, पण सहज देऊही नका. एकदा दिले, तर पुढच्या महिन्यात तेवढे कापूनच द्या. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण त्याला त्या महिन्यात आपोआप कळेल.

मुलींचे वेगळे सांगायला हवे. पुष्कळ घरांत मुलाच्या खिशात पैसे असतात आणि मुलीला ‘तुला काय लागते, सांग, आणून देऊ’ असे म्हणतात. गावाकडून शाळेला येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तो अहिल्याबाईंच्याच नावाच्या योजनेत. ती सोय फार मोलाची आहे. पण पास मोफत म्हणून मुलीची पर्स रिकामी ठेवायची, हा न्याय नव्हे. उद्या तिला घर चालवायचे आहे, नोकरी करायची आहे आणि आपल्या कमाईवर आपली सही ठेवायची आहे. ती सवय पंधराव्या वर्षी लागली नाही, तर पंचविसाव्या वर्षी तिच्या पगाराचा हिशेब दुसराच कोणी ठेवतो. बहीण-भावाला रक्कम वयाप्रमाणे द्या आणि नियम दोघांना एकच लावा.

साठवणीचा डबा भरला की पुढचे पाऊल बँकेचे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःच्या सहीने खाते उघडता आणि चालवता येते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये हे नियम पुन्हा स्पष्ट केले. पोस्टातही दहा वर्षांच्या मुलाला स्वतःचे बचत खाते काढता येते. त्याच वेळी हेही सांगावे की पैसा कोठे ठेवतो हे पाहावे लागते. 2023 मध्ये नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक घरांना हा धडा मिळाला. बँकेतल्या ठेवीला माणशी 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. जादा व्याजाची पाटी वाचताना दहावीच्या मुलालाही हा फरक माहीत असावा.

मोबाइलने मात्र एक नवी अडचण आणली आहे. नोट मोडताना हाताला कळते, बोटाने पैसे देताना कळत नाही. पहिली दोन वर्षे रोख पैसे द्यावेत आणि ऑनलाइन व्यवहार नंतर शिकवावा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायदा घराच्या माजघरात येऊन बसत नाही. वडिलांचा पिन मुलाला ठाऊक असणे, ही सोय नसून धोका आहे.

शेवटी दोन पथ्ये. वही मुलाने लिहावी, पण आपण ती फौजदारासारखी तपासू नये. आठवड्याला एकदा शेजारी बसून ‘कशाला जास्त गेले असे तुला वाटते?’ एवढेच विचारावे. आणि परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून हे पैसे बंद करू नयेत. मार्कांचा राग पैशावर काढला, की ठरलेली रक्कम पुन्हा आपल्या मर्जीची होते आणि मूल पुन्हा थापेकडे वळते.

दुसरे पथ्य मोठ्यांसाठी आहे. घराचा खर्च मुलांपासून लपवू नका. येत्या एक तारखेला किराणा, वीजबिल, फी आणि हप्ता हे आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद मुलासमोर ठेवा. अंथरूण केवढे आहे हे न दाखवता पाय आखड म्हणणे, हा त्याच्यावर अन्याय आहे. अंथरूण दिसले की पाय किती पसरायचे, हे शहाणे मूल आपले आपण ठरवते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)