तेल सुटेपर्यंत : घरच्या रश्श्यामागचे शास्त्र

मार्च महिना सरू लागला, की मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीतून जाणाऱ्याचा हात आपोआप रुमालाकडे जातो. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्यांचे ढीग, शेजारी धण्यांची पोती आणि आत डंकांची अखंड धडधड. मिरची निवडायची, मसाले भाजून घ्यायचे आणि वर्षाची बेगमी डंकावर कुटून न्यायची, ही गिरणगावाची जुनी रीत. गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले, तरी उन्हाळ्यातील ही लगबग टिकून आहे. मात्र जागेअभावी वा वेळेअभावी वर्षाचा मसाला करणे ज्यांना शक्य नाही, अशा घरांमध्ये रश्श्याची सूत्रे पाकिटाच्या हाती गेली आहेत. पाकिटातील मसाला वाईटच असतो असे मुळीच नाही. परंतु तो दुप्पट घालूनही रस्सा 'घरच्यासारखा' का होत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे आणि तिचे उत्तर मसाल्याच्या प्रमाणापेक्षा आचेच्या क्रमात दडलेले आहे.

मराठी स्वयंपाकघरात 'करी' नावाचा पदार्थ मुळात नाहीच. रस्सा, कालवण, आमटी, हूमण, तिखले अशी ज्याची त्याची स्वतंत्र नावे आणि स्वतंत्र मसाले. या साऱ्यांना एकाच नावाच्या एकाच पुडीत कोंबण्याचे श्रेय इंग्रजांचे. गंमत अशी, की हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेने १७४७ मध्ये छापलेल्या हिंदुस्थानी पद्धतीच्या करीच्या कृतीत तयार पूड नव्हती. धणे आणि मिरी भाजून कुटावेत, असेच तिने सांगितले होते. पुडीचा सोपा मार्ग नंतरचा.

भाजणे आणि कुटणे या दोन क्रियांना एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी मसाल्याच्या दाण्यात डोकवावे लागते. लवंगेतील युजेनॉल, जिऱ्यातील क्युमिनाल्डिहाइड, धण्यातील लिनालूल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही सुगंधी द्रव्ये वनस्पतीच्या पेशींमध्ये बंदिस्त असतात. दाणा अखंड असेतोवर ती सुरक्षित राहतात. कुटल्याबरोबर पेशी फुटतात, पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि हवेशी संपर्क आल्याने सुगंध उडू लागतो. म्हणजे पूड झाली त्या क्षणापासून तिचे वय मोजायला हवे. अखंड धणे वर्षभर वास धरतात. धण्याची पूड काही आठवड्यांतच निस्तेज होते. दळताना निर्माण होणारी उष्णताही याच सुगंधाची शत्रू. वेगाने फिरणाऱ्या चक्कीपेक्षा डंकावरचा मसाला चांगला, हे जुन्या बायकांचे मत त्यामुळे निव्वळ हट्ट म्हणून सोडून देण्यासारखे नाही. मिक्सर वापरताना तो थांबवत थांबवत फिरवावा आणि भाजलेले मसाले पूर्ण निवल्यावरच भांड्यात घालावेत, हे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधते.

भाजण्याने दोन गोष्टी होतात. उरलासुरला ओलावा निघून दाणा ठिसूळ होतो आणि त्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून खमंग वासाची नवी द्रव्ये तयार होतात. कच्च्या धण्यात हा खमंगपणा नसतोच, तो आचेवर जन्माला येतो. पण प्रत्येक जिन्नसाला लागणारी आच निराळी. धण्यांना वेळ लागतो, जिरे लगेच होते, तीळ आणि खसखस तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करपतात. दगडफूल म्हणजे खडकावर वा झाडाच्या सालीवर वाढणारे शेवाळासारखे दगडी रंगाचे पान. त्याला मातकट, धुरकट गंध येतो तो थेंबभर तेलात परतल्यावरच. सगळे एकदम कढईत ओतून भाजणे ही म्हणूनच मसाला बिघडवण्याची खात्रीची वाट आहे.

महिनाभराचा मसाला करण्यास फार खटाटोप लागत नाही. चौघांच्या घराला १०० ग्रॅम बेडगी मिरची, ५० ग्रॅम धणे, २ चमचे जिरे, १ चमचा मिरी, १०-१२ लवंगा, दालचिनीचे बोटभर लांबीचे २ तुकडे, २ तमालपत्रे आणि चिमूटभर दगडफूल एवढे पुरते. तिखटपणा हवा असेल त्याने थोडी लवंगी मिरची मिसळावी. बेडगी ही रंगाची मिरची, जाळाची नव्हे. कर्नाटकातील ब्याडगी गावावरून नाव पडलेल्या या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरच्या भाजण्यापूर्वी कडक उन्हात वाळवाव्यात, यामागे केवळ रिवाज नाही. दमट मिरचीवर बुरशी धरते आणि काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. नेहमीच्या शिजवण्याने ते पुरेसे नष्ट होत नाही.

खरी परीक्षा यापुढे, कढईत होते. समजा मटकीचा किंवा कोंबडीचा रस्सा करायचा आहे. अर्धी वाटी सुके खोबरे आणि २ कांदे गडद तपकिरी रंगावर भाजून, आले-लसणासह बारीक वाटले. कढईत ३ मोठे चमचे तेल तापवून फोडणी केली आणि वाटण त्यात घातले. पाककृतींच्या पुस्तकांत यापुढे एकच ओळ असते : तेल सुटेपर्यंत परतावे. नवशिक्यांचा घात होतो तो याच ओळीत, कारण तेल सुटणे म्हणजे काय, हे तिथे कोणी सांगत नाही.

वाटणात पाणी असते. जोवर ते पाणी आहे, तोवर कढईतील मसाल्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जाऊ शकत नाही, मग खाली गॅस कितीही मोठा असो. या अवस्थेत वाटण परतले जात नाही, नुसते उकडते. कच्च्या लसणाचा आणि कांद्याचा उग्र दर्प कायम राहतो. पाण्याची वाफ होऊन गेल्यावरच तापमान चढते, रंग गडद होतो आणि आतापर्यंत वाटणात मिसळून गेलेले तेल वेगळे होऊन कडेला चमकू लागते. तेल सुटणे ही म्हणजे वाटणातील पाणी संपल्याची खूण होय. कानांनाही ती कळते. आधीचा खदखद आवाज बदलून बारीक चरचर ऐकू येते. यास मध्यम आचेवर १०-१५ मिनिटे सहज लागतात. कार्यालयातून आठ वाजता परतलेल्या माणसाला ती जड वाटतात हे खरे. पण पाकिटातील मसाल्याला हीच १५ मिनिटे दिली, तर त्याविषयीच्या निम्म्या तक्रारी मिटतील.

मसाल्याची पूड घालायची ती या टप्प्यावर. मिरचीचा तिखटपणा ज्यामुळे येतो ते कॅप्सायसिन आणि तिचा लाल रंग, दोन्ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. तेलात मात्र विरघळतात. रश्श्यावर तरंगणारी तर्री म्हणजे मिरचीचा रंग घेतलेले तेलच. उकळत्या रश्श्यात वरून तिखट भुरभुरले, तर ती येत नाही आणि रस्सा नुसता तांबूस, गढूळ दिसतो. उलट तापल्या तेलात हळद-तिखट काही क्षणांतच जळते व कडू होते, म्हणून फोडणीचा क्रम मोहरी, जिरे, हिंग आणि सर्वांत शेवटी हळद असा ठरून गेला आहे. पूड परतून झाली, की पाणी घालायचे ते गरमच. गार पाण्याने कढईतील उकळी मोडते आणि तर्री नीट वर येत नाही, असा अनुभवी स्वयंपाकिणींचा दाखला आहे.

अर्थात हा नियम सर्वत्र लागू नाही. कोकण-गोव्याच्या हुमणात ओले खोबरे, मिरची, धणे कच्चेच वाटतात आणि पुष्कळ घरांत फोडणी देतच नाहीत. बांगड्याच्या तिखल्यात ठेचून घातलेली तिरफळे उकळीतच आपला गंध सोडतात. ओल्या नारळाच्या रसातील स्निग्धांश तिथे तेलाचे काम करतो.

घरी मसाला करण्याला चवीखेरीज आणखी एक कारण आहे, ते भेसळीचे. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये सुदान-१ या बंदी असलेल्या रंगाने दूषित मिरचीपूड सापडल्यावर शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथे भारतीय कंपन्यांच्या काही मिश्र मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याने ते विक्रीतून काढण्याचे आदेश निघाले. पूड कशाची आहे हे डोळ्यांना दिसत नाही. अखंड मिरची आणि धणे निदान हातात घेऊन, मोडून, हुंगून पाहता येतात. पेलाभर पाण्यावर मिरचीपूड टाकल्यास भुसा वर तरंगतो, विटांचा चुरा तळाशी बसतो आणि कृत्रिम रंगाच्या रेषा पाण्यात उतरतात.

हळदीच्या बाबतीत मात्र अखंड जिन्नस म्हणजे निर्धोक, असे मानून चालत नाही. हळकुंडे शिजवून, वाळवून त्यांना झिलई दिली जाते आणि चकाकी आणण्यासाठी लेड क्रोमेट हा शिसेयुक्त पिवळा रंग चोळण्याचा प्रकार तेव्हाच होतो. बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी तो उघडकीस आणल्यानंतर तेथील सरकारला कारवाई करावी लागली. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते, आणि पाण्याच्या पेल्यातील घरगुती चाचणीवर विसंबून ते नाही असे म्हणता येत नाही; त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. त्यामुळे बाजारात हळकुंडे घेताना झगझगीत पिवळ्या, गुळगुळीत मालापेक्षा मळकट, खरबरीत हळकुंड निवडावे. रंग बोटाला लागतो का, हे पाहावे, आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून ती मिळत असतील तर थोडी जास्त किंमत द्यावी.

तयार झालेला मसाला काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावा. शेगडीवरील फळी हाताशी असते, पण उष्णता आणि वाफ यांमुळे मसाला सर्वांत लवकर तिथेच उतरतो. कीड लागू नये म्हणून बरणीत हिंगाचा खडा ठेवण्याची पद्धत आहे. ओला चमचा बरणीत घालू नये, आणि महिन्याअखेरीस तळाशी उरलेला मसाला नव्या मसाल्यात न मिसळता आधी संपवावा.