फोम बोर्डाची लढाऊ विमाने : माल हलका, हुन्नर भारी

दुसऱ्या महायुद्धात गाजलेली स्पिटफायर आणि मस्टँग ही लढाऊ विमाने आता लोक घरच्या टेबलावर कापतात, चिकटवतात आणि मैदानात नेऊन रेडिओच्या इशाऱ्यावर उडवतात. पूर्वी असे मॉडेल बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे बनत असे. एकेका विमानाला महिने लागत आणि एका आपटीत सारी मेहनत मातीत जाई. फोम बोर्डाने हे चित्र बदलले. दुरून पाहणाऱ्याला हा पैसेवाल्यांच्या मुलांचा खेळ वाटेल. पण जवळून पाहिले तर त्यात खाका आहे, कटिंग आहे, जोडकाम आहे आणि वजनाचा काटेकोर हिशेब आहे. ही चारही कामे आपल्या कारागिरांच्या हातातली आहेत. म्हणून या मालाची घडण आणि त्यातील व्यवहार समजून घेणे फायद्याचे आहे.

नकाशा फुकट, कटिंगचे पैसे

या प्रकाराला लोकप्रिय केले ते अमेरिकेतील ओहायो राज्यातील ‘फ्लाइट टेस्ट’ या मंडळींनी. २०१० मध्ये त्यांनी यूट्यूबवर कार्यक्रम सुरू केला. त्यांच्या देशात ‘डॉलर ट्री’ या स्वस्त दुकानांत २० बाय ३० इंचांचा, सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा फोम बोर्ड वर्षानुवर्षे एका डॉलरला मिळत असे; २०२१ च्या अखेरीस त्या दुकानांनी आपला दर सव्वा डॉलर केला. फ्लाइट टेस्टने आपल्या विमानांचे खाके याच मापात बसवले आणि ते फुकट वाटले.

मग कमाई कशात? लेझरवर कापलेल्या तयार किटमध्ये, तसेच मोटर, सर्वो, बॅटरी अशा सुट्या सामानात. ज्याच्याकडे सवड आहे तो खाका छापून स्वतः कापतो. ज्याच्याकडे सवड नाही तो कापलेला माल विकत घेतो. बोर्ड कोणालाही मिळतो आणि खाकाही मिळतो. गिऱ्हाईक पैसे मोजते ते साफ कापाचे आणि अचूक मापाचे. हे सूत्र कापडधंद्यातील माणसाला नवे नाही.

सपाट तक्त्यातून गोलाई

फोम बोर्ड म्हणजे मध्ये पॉलिस्टायरीनचा फोम आणि दोन्ही अंगांना कागद. याचे काप तीन प्रकारचे असतात. पहिला आरपार काप. दुसरा अर्धा काप, यात वरचा कागद आणि फोम कापायचा, पण खालचा कागद शाबूत ठेवायचा. तोच कागद मग बिजागरीचे काम करतो. विमानाला वळवणाऱ्या हलत्या पट्ट्या अशाच बसवतात. त्यांना खाली-वर जागा मिळावी म्हणून कडेला सुमारे ४५ अंशांचा उतार देतात. तिसरा प्रकार सोलण्याचा. एका बाजूचा कागद सोलून काढला की फोम वाकतो आणि नाकाची गोलाई साधते.

पंखासाठी खाली सपाट तक्ता, मध्ये बोर्डाच्याच पट्ट्यांचा दांडा आणि वरचा पत्रा पुढच्या कडेवरून दुमडून मागे चिकटवलेला, अशी रचना असते. चिकटवायला ग्लू गन पुरते. गोंद मात्र बेताने वापरावा, कारण तोही वजनात धरला जातो.

येथे खऱ्या विमानांचा इतिहास उपयोगी पडतो. ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडालेल्या स्पिटफायरचा पंख लंबगोल होता. तो दिसायला देखणा, पण बनवायला किचकट. मस्टँगच्या पंखाच्या कडा जवळजवळ सरळ होत्या. १९४० मध्ये ब्रिटिशांशी करार झाल्यावर मस्टँगच्या पहिल्या नमुन्याचा सांगाडा, इंजिन बसण्यापूर्वी, १०२ दिवसांत तयार झाला होता. फोम बोर्डातही तोच अनुभव येतो. सरळ कड एका घडीत दुमडते. लंबगोल कड एका घडीत दुमडत नाही, म्हणून ती लहान सरळ तुकड्यांत बसवावी लागते आणि कटिंगचा वेळ वाढतो. किटचा दर ठरवताना हा वेळ धरलाच पाहिजे.

आधी जीएसएम पाहा

आपल्याकडे या कामात पहिली फसगत होते ती मालाच्या नावात. बाजारात ‘सनबोर्ड’ मागितला की अनेकदा पीव्हीसीचा फोम शीट हाती येतो. दिसायला तो तसाच पांढरा आणि गुळगुळीत असतो. पण कापडाचा जीएसएम पाहतो तसा बोर्डाचाही पाहावा. अमेरिकेतील तो कागदी बोर्ड साधारण ११५ ग्रॅमचा असतो, म्हणजे सुमारे ३०० जीएसएम. पीव्हीसी शीटची घनता घन सेंटिमीटरला अर्धा ग्रॅम धरली तरी ५ मिलिमीटर जाडीला २५०० जीएसएम होतात. दोन बोर्डांच्या विमानात एकीकडे पाव किलोहून कमी माल लागेल, तर दुसरीकडे तोच दोन किलोच्या आसपास जाईल.

हा फरक साधा नाही. विमानाचे वजन दुप्पट झाले तर हवेत टिकून राहण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे १.४ पट होतो. त्या वेगाने ते आपटले तर मार चौपट बसतो. म्हणून खरेदीला जाताना वजनकाटा बरोबर न्यावा आणि दुकानदाराच्या नावावर न जाता वजनावर माल घ्यावा.

दुसरा धोका कारागिराच्या जिवाचा आहे. पीव्हीसी शीट लेझरवर कापू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा वायू निघतो. तो फुप्फुसाला घातक आहे आणि मशीनलाही गंज चढवतो. कागदी फोम बोर्ड लेझरवर कापता येतो, पण तो चटकन पेट घेतो. धूर बाहेर काढणारा पंखा चालू ठेवावा आणि मशीन सोडून जाऊ नये. गिऱ्हाईक घाई करते म्हणून कोणता शीट आहे हे न पाहता मशीनवर ठेवणाऱ्या मालकाने आपल्या माणसाच्या आरोग्याचा सौदा केला, असेच म्हणावे लागेल.

तोल, बॅटरी आणि पहिले विमान

सामान बसवल्यावर तोल पाहावा लागतो. बहुतेक मॉडेलमध्ये तोलाचा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान येतो. तो मागे सरकला तर विमान हाताबाहेर जाते. बॅटरी पुढे-मागे सरकवून तो साधतात.

ही बॅटरी लिथियम पॉलिमरची असते. एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी वापरू नये आणि चार्ज करताना जवळ माणूस असावा. कपड्याच्या गाठी असलेल्या गोदामात हे काम बिलकूल करू नये.

शिकणाऱ्याने पहिले विमान लढाऊ घेऊ नये. लढाऊ विमानाचा पंख खाली आणि निमुळता असतो; वेग कमी पडला की एका बाजूचा पंख अचानक गळतो. वरच्या पंखाचे, सावकाश उडणारे ट्रेनर आधी घ्यावे. विक्रेत्याने गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावे. स्पिटफायर एकदा जास्त विकला जाईल, पण पहिल्याच दिवशी तो मोडला तर ते गिऱ्हाईक परत येणार नाही.

परवानगीचा विचार

२०२१ च्या ड्रोन नियमांत अशा मॉडेलचाही विचार झालेला आहे. वजनानुसार वर्ग आहेत; २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचा वर्ग ‘मायक्रो’. त्या नियमांनुसार बिगर-व्यावसायिक वापरासाठी मायक्रो उडवणाऱ्याला पायलट परवाना लागत नाही, पण लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांचा नकाशा सर्वांना लागू आहे. मुंबईत पोलीस वेळोवेळी रिमोटवर चालणाऱ्या लहान विमानांवरही बंदीचे आदेश काढत आले आहेत. विमान हाती घेण्यापूर्वी जागेची आणि त्या दिवसाच्या आदेशाची चौकशी करावी, शक्यतो लेखी परवानगी जवळ बाळगावी. विमानतळ, लष्करी ठाणी आणि गर्दी यांपासून दूर राहावे.

या कामात भांडवल थोडे लागते: एक वजनकाटा, धारदार ब्लेड, पोलादी पट्टी आणि एक खाका. शाळांच्या विज्ञान वर्गांना आणि छंदवर्गांना कापलेली किट पुरवण्यापासून सुरुवात करता येईल. प्रत्येक किटवर बोर्डाचे जीएसएम आणि तयार विमानाचे वजन छापावे आणि छापले तेवढेच भरावे. गिऱ्हाइकाच्या हातून विमान मैदानात उडाले की आपल्या कटिंगची पावती तेथेच मिळते.