डायबेटिस रोखायला मोबाइलवरचा सल्ला पुरतो का? ९६ गावांनी दिलेलं उत्तर

गोड कमी खा, रोज चाला, वजन सांभाळा. डायबेटिस टाळण्याचे हे सल्ले बहुतेकांना पाठ असतात. तरीही सवयी का बदलत नाहीत? बांगलादेशातल्या फरीदपूर जिल्ह्यात झालेल्या अभ्यासाने नेमकं हेच तपासलं.

काय केलं?

९६ गावांचे तीन समान गट केले. पहिल्या ३२ गावांत लोकांच्या मोबाइलवर आठवड्यातून दोनदा आरोग्याचे ध्वनिसंदेश गेले. दुसऱ्या ३२ गावांत दीड वर्ष, दर महिन्याला बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या बैठका झाल्या. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. उरलेल्या ३२ गावांत नेहमीच्याच आरोग्यसेवा होत्या.

निकाल काय लागला?

तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. संदेशांमुळे लोकांची माहिती वाढली, पण डायबेटिसचं प्रमाण घटलं नाही. बैठकांच्या गावांत मात्र डायबेटिस आणि प्री-डायबेटिस (साखर वाढलेली, पण डायबेटिसच्या मर्यादेखाली) असलेल्यांचं एकत्रित प्रमाण, नेहमीच्या सेवा असलेल्या गावांपेक्षा शंभर प्रौढांमागे सुमारे २० जणांनी कमी होतं.

बैठकीत असं काय होतं?

तिथे नुसतं भाषण नव्हतं. आपल्या गावात अडचण कुठे आहे हे लोकांनीच शोधलं, उपाय ठरवले, करून पाहिले आणि त्यांचा काय उपयोग झाला हेही तपासलं. सवयी एकट्याच्या नसतात. भाजीत तेल किती पडतं हे घर ठरवतं. बाई एकटी चालायला निघाली तर लोक बघतात. दहाजणी निघाल्या की त्यात वावगं वाटत नाही.

हे सगळीकडे चालतं का?

खात्री देता येत नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात जास्त धोका असलेल्या १,००७ जणांवर असाच प्रयोग झाला. गटांत आलेल्यांचं फळं-भाज्या खाणं वाढलं, दारू कमी झाली. पण दोन वर्षांनी डायबेटिस होण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. तिथे निवडक माणसं होती, फरीदपूरला बैठका अख्ख्या गावाला खुल्या होत्या. निकालातल्या फरकाचं हे एक कारण असू शकतं.

गट म्हणजे औषधाला पर्याय नव्हे, आणि रक्तातली साखर तपासूनच कळते. पण डायबेटिसवरचा मेसेज दहा जणांना फॉरवर्ड करण्यापेक्षा त्यातल्या दोघांना सोबत घेऊन रोज चालायला जाणं जास्त उपयोगी ठरू शकतं.